आणि त्यांचे अंगरक्षक

वर्तमानपत्रातली काही वाक्ये आपण इतक्या सवयीने वाचतो की त्यांतला एखादा शब्द डोळ्यांखालून केव्हा निसटला हे कळतही नाही. 'बाँबस्फोटात न्यायाधीश आणि त्यांचे तीन अंगरक्षक ठार' हा मथळा त्यांतलाच. खाली न्यायाधीशांचे छायाचित्र असते, त्यांचा जन्म, शिक्षण, त्यांनी चालवलेले खटले, सारे काही असते. 'आणि'च्या पुढे मात्र नुसता आकडा. कधी दोन, कधी तीन, कधी पाच. सकाळचा चहा संपेपर्यंत आपण पान उलटलेले असते.

नाही म्हणायला, आपल्या मराठीत ह्या मंडळींसाठी एक म्हण आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा.' १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा उगारलेला हात जिवा महालाने वरच्यावर छाटला, आणि त्या एका घावाने ते नाव शाळकरी पोरांच्या तोंडी कायमचे राहिले. पण म्हणीत एक अट दडलेली आहे बरे का! शिवा वाचला, म्हणून जिवा लक्षात राहिला. जेथे शिवाही वाचला नाही, तेथल्या जिवांचे काय?

ह्या वेळी सदरात अशाच काही जिवांची हकीगत सांगायची आहे. ती इटलीतली आहे, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातली. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या हकीगतीत तोफाबंदुकांपेक्षा घरे, जिने, शेजारीपाजारी आणि घरी वाट पाहणारी माणसेच अधिक आहेत.

आणि हो, एक व्याकरणाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे न्यायाधीश 'ते' असतात आणि शिपाई 'तो' असतो. ह्या लेखापुरता हा भेद मी बाजूला ठेवणार आहे. बावीस वर्षांच्या पोराला 'ते' म्हटलेले कानाला जरा खटकेल, पण वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

इटलीतला न्यायाधीश आणि आपला न्यायाधीश ह्यांत मोठा फरक. आपल्याकडे न्यायमूर्ती उच्चासनावर बसतात. पुरावा पोलीस गोळा करतात, वकील तो मांडतात. इटलीत मात्र १९८९ सालापर्यंत तपास करणारे न्यायाधीशच वेगळे असत. साक्षीदारांच्या जबान्या तेच घेत, बँकांचे चेक तेच पडताळीत, अटकेचे हुकूम तेच काढीत. पालेर्मोत हे काम म्हणजे माफियाशी गाठ. अमेरिकेला जाणारे हेरॉइन, शहरातल्या बांधकामांची कंत्राटे, नगरपालिकेतल्या खुर्च्या, ह्या साऱ्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले. व्हीतो चान्चिमिनो नावाचे पालेर्मोचे एक माजी महापौर १९८४ साली गजाआड गेले ते ह्याच न्यायाधीशांच्या तपासामुळे. असा तपास बव्हंशी एका माणसाच्या डोक्यात असतो. माफियाचा हिशेब त्यामुळे सरळ होता: माणूस नाहीसा केला की खटला नाहीसा.

ह्या हिशेबात अंगरक्षकाला जागाच नव्हती. तो वाटेत उभा होता, एवढेच.

२५ सप्टेंबर १९७९ रोजी सकाळी न्यायाधीश चेझारे तेरानोव्हा घरून निघाले. मोटार ते स्वतः चालवीत होते. शेजारी लेनिन मान्कूझो हे पोलीस अंमलदार. दोघांची सोबत कित्येक वर्षांची. न्यायाधीश आणि शिपाई हे नाते मागे पडून आता ते स्नेहीच झाले होते. वाटेत मारेकऱ्यांनी मोटार अडवून गोळ्या झाडल्या, तेव्हा मान्कूझो ह्यांनी एका हाताने पिस्तूल काढले आणि आपले अंग न्यायाधीशांच्या आड घातले. तेरानोव्हा जागीच गेले. मान्कूझो काही तासांनी इस्पितळात.

त्यानंतर तपास-न्यायाधीशांच्या कचेरीची सूत्रे रोक्को किन्नीची ह्यांच्याकडे आली. त्यांनी एक शहाणपणाची युक्ती काढली. प्रत्येक न्यायाधीशाने आपल्याजवळची माहिती इतरांना द्यायची, म्हणजे एक गेला तरी तपास बुडणार नाही. २९ जुलै १९८३ रोजी सकाळी ते आपल्या इमारतीच्या दारातून बाहेर पडत असताना रस्त्यालगत उभी केलेली एक छोटी फियाट गाडी उडाली. किन्नीची गेले, मारिओ त्रापासी आणि साल्वातोरे बार्तोलोत्ता हे दोन अंगरक्षक गेले, आणि इमारतीचे रखवालदार स्तेफानो ली साक्की हेही गेले. मोटारीचे चालक जोव्हान्नी पापार्कूरी तेवढे वाचले, कारण ते चिलखती गाडीच्या आत होते.

ह्या पापार्कूरींची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. स्फोटाने ते जबर जखमी झाले, चालकाच्या कामाला निकामी ठरले. सरकारी खात्यात अशा माणसाचे काय होते हे आपण जाणतो. एखाद्या कोपऱ्यात टेबल मिळते, वर एक फायलींचा गठ्ठा, आणि निवृत्तीपर्यंत दिवस मोजणे. पण हे गृहस्थ यंत्रात डोके घालणारे निघाले. तेव्हा संगणक हे प्रकरण नवे होते. तपासाचे कागद तर डोंगराएवढे साचलेले. त्या कागदांची सूक्ष्मचित्रे घेण्याचे, संगणकावर त्यांची नोंद ठेवण्याचे काम पापार्कूरींकडे आले. न्यायालयाच्या इमारतीत जाड दारांआड जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो ह्या दोन न्यायाधीशांच्या खोल्या होत्या. त्यांच्याच शेजारी ते बसू लागले. पुढे त्या खोल्यांचे छोटेसे संग्रहालय झाले, ते मांडले पापार्कूरींनीच. फाल्कोने ह्यांची खुर्ची, त्यांनी हौसेने जमवलेली खेळण्यातली बदके, सारे त्यांनी जागच्या जागी ठेवले आणि येणाऱ्या शाळकरी मुलांना ते स्वतः हिंडवून दाखवीत.

आता ह्या अंगरक्षकांचे रोजचे काम काय असते ते पाहू. कारण चित्रपटातला अंगरक्षक निराळा. खरा अंगरक्षक दिवसातला बहुतेक वेळ वाट पाहण्यात घालवतो. न्यायालयाच्या दारात, जिन्याखाली, मोटारीत. न्यायाधीश घरातून निघायचे असले की एकजण आधी खाली उतरतो, रस्त्यावरच्या उभ्या गाड्या न्याहाळतो. काल नव्हती अशी एखादी गाडी आज आहे काय? दुसरा जिना पाहतो, तिसरा दाराशी. चालक मात्र सुकाणू सोडीत नाही. गाडीचे तोंड बाहेर जाण्याच्या दिशेला, यंत्र चालू. मग न्यायाधीश बाहेर येतात आणि चार-सहा पावलांपुरते सगळे त्यांच्याभोवती कडे करतात. ती चार-सहा पावलेच खरी नोकरी. मग मोटारी सुसाट सुटतात, आज ह्या रस्त्याने, उद्या त्या. घरी बायकोने विचारले, आज कुठे, किती वाजता येणार, तर उत्तर नाही. जेवण निवते. पगार पोलीस शिपायाचा.

बरे, सरकार तरी मदतीला उभे होते काय? १९८४ साली इटलीच्या संसदेच्या एका समितीपुढे बोर्सेलिनो ह्यांनी जे सांगितले ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. सकाळी न्यायाधीशांना आणायला चिलखती गाड्या येतात. दुपारी मात्र एकच गाडी शिल्लक असते, आणि ती चौघांना चार घरून आणू शकत नाही. त्यामुळे मी दुपारी माझ्या स्वतःच्या मोटारीने कचेरीत जातो आणि रात्री नऊ-दहाला घरी परततो. सकाळी माझे स्वातंत्र्य काढून घ्यायचे आणि रात्री मला मारले जाण्याचे स्वातंत्र्य द्यायचे, ह्यात काय हशील? अशा अर्थाचे ते बोलणे होते.

ज्यांना कोणी हुकूम दिला नव्हता असेही एक अंगरक्षक होऊन गेले. त्यांचे नाव रोबेर्तो आन्तिओक्या, वय २३. ते पालेर्मोच्या गुन्हे शाखेत नोकरीला होते, तेथून त्यांची बदली रोमला झाली. सुटला बिचारा, असे घरच्यांना वाटले असेल. २८ जुलै १९८५ रोजी त्यांचे जुने अधिकारी बेप्पे मोन्ताना ह्यांचा खून झाला. अंत्ययात्रेसाठी म्हणून आन्तिओक्या पालेर्मोला आले, आणि मोन्तानांचे सहकारी निन्नी कासारा ह्यांच्याभोवती पुरेशी माणसे नाहीत असे पाहून रजा असतानाही तेथेच राहिले. ६ ऑगस्टला कासारा घरी आले तेव्हा समोरच्या इमारतीतून बंदुकांची सरबत्ती झाली. कासारा ह्यांची पत्नी सज्जात उभी होती. आन्तिओक्या आपल्या साहेबांना झाकायला धावले ते तेथेच पडले. हे कासारा न्यायाधीश नव्हते, पोलीस अधिकारी होते. पण फाल्कोने ह्यांच्या तपासाचा तो उजवा हात होता.

त्या खुनांनंतर फाल्कोने आणि बोर्सेलिनो ह्यांना कुटुंबांसह आसिनारा नावाच्या तुरुंगाच्या बेटावर नेऊन ठेवले, आणि तेथे बसून त्यांनी पुढच्या प्रचंड खटल्याचे दोषारोपपत्र पुरे केले. त्या मुक्कामाच्या खर्चाचे बिल सरकारने मागाहून त्यांच्याकडे धाडले, हेही ह्या ओघात नोंदवून ठेवतो. खटला फेब्रुवारी १९८६ मध्ये सुरू झाला. आरोपी सुमारे ४७५. त्यासाठी तुरुंगालगत काँक्रीटची नवी न्यायशाळा बांधावी लागली. डिसेंबर १९८७ मध्ये निकाल लागला, १९ जणांना जन्मठेप झाली, आणि जानेवारी १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने खटल्याचा पाया उचलून धरला. माफियाने सूड घ्यायचे ठरवले ते तेव्हा.

पण त्याकडे वळण्यापूर्वी शेजाऱ्यांविषयी बोलले पाहिजे. कारण तेथेच ही हकीगत आपल्यासारख्या फ्लॅटात राहणाऱ्यांच्या अगदी जवळ येते.

एप्रिल १९८५ मध्ये पालेर्मोच्या दैनिकात एका बाईंचे पत्र छापून आले. न्यायाधीशांच्या गाड्यांचे भोंगे सकाळ-दुपार-संध्याकाळ चालू असतात, शनिवार नाही की रविवार नाही. कामावरून आलेल्या माणसाला घटकाभर पडता येत नाही, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम धड ऐकू येत नाही. ह्या मंडळींना गावाबाहेर बंगले का बांधून देत नाहीत? म्हणजे आम्हांलाही शांतता, आणि उद्या काही घातपात झाला तर आमचा नाहक बळी जायला नको. पत्राचा मथितार्थ असा.

ह्या बाईंना नावे ठेवणे फार सोपे आहे. मलाही प्रथम संतापच आला. पण थोडे थांबून विचार करावा. तिने पत्र लिहिले त्याच महिन्याच्या २ तारखेला सिसिलीतच त्रापानीजवळ पिझ्झोलुंगो येथे न्यायाधीश कार्लो पालेर्मो ह्यांची मोटार बाँबने उडवण्याचा बेत होता. नेमक्या त्या क्षणी एक आई आपल्या सहा वर्षांच्या जुळ्या मुलांना शाळेत नेत होती, तिची मोटार मधे आली. न्यायाधीश वाचले, ती तिघे गेली. आणि पत्रानंतर काही महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९८५ रोजी, पालेर्मोतच बोर्सेलिनो आणि त्यांचे एक सहकारी ह्यांच्याबरोबरची रक्षकांची गाडी भरवेगात दुसऱ्या मोटारीवर आदळून शाळेजवळच्या बसथांब्यावरल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात शिरली. दोन मुले दगावली. गाडी वेगाने न्यावी तर हे. सावकाश न्यावी तर मारेकऱ्याला आयतेच सावज. सुकाणूवर बसलेल्या शिपायाने दर वळणावर हा हिशेब करायचा. बोर्सेलिनो ह्यांच्या मनातून ती मुले अखेरपर्यंत गेली नाहीत.

तेव्हा भय खरे होते. फक्त ते भय घालवण्याचा बाईंचा उपाय असा की न्यायाधीश आणि त्यांचे अंगरक्षक आमच्या नजरेआड असावेत; माफियाला घालवा, असे त्या पत्रात कोठे नव्हते. असली पत्रे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत आली तर खाली किती सह्या पडतील, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

२१ जून १९८९ रोजी फाल्कोने समुद्रकाठच्या आद्दाउरा येथल्या भाड्याच्या घरात होते. घराखालच्या खडकांवर एक पिशवी पडलेली होती, आत डायनामाइटच्या ५८ कांड्या. ती त्यांच्या अंगरक्षकांनी वेळेत हेरली. अंगरक्षकाचे यश असे असते. काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याची आठवण फार दिवस टिकत नाही.

मग १९९२ साल उजाडले. फाल्कोने तेव्हा रोमच्या न्यायखात्यात काम करीत आणि आठवड्याच्या शेवटी घरी येत. २३ मे, शनिवार. संध्याकाळी पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो ह्यांच्यासह ते पालेर्मोच्या विमानतळावर उतरले. फ्रांचेस्काबाईही न्यायाधीशच. तीन फियाट मोटारी उभ्या होत्या. पहिलीत व्हीतो स्किफानी, वय २७, सुकाणूवर. शेजारी आन्तोनिओ मोन्तिनारो, वय २९. मागे रोक्को दिचिल्लो, वय ३०. तिसरीत पाओलो कापुत्सा, गास्पारे चेर्वेल्लो आणि आंजेलो कोर्बो. मधली पांढरी गाडी फाल्कोने ह्यांची. तिचे चालक जुझेप्पे कोस्तान्झा १९८४ पासून त्यांच्याकडे होते. पण त्या दिवशी कोस्तान्झा मागे बसले. फ्रांचेस्काबाईंना मागच्या आसनावर मळमळे, म्हणून त्या पुढे बसत. आणि बायकोशेजारी बसता यावे म्हणून फाल्कोने ह्यांनी गाडी स्वतः चालवायला घेतली. संसारातली साधी सोय. तिच्यामुळे कोण जगले, कोण गेले, ते ठरले.

वाटेत कोस्तान्झांनी विचारले, पुन्हा गाडी केव्हा आणू? सोमवारी सकाळी, असे उत्तर मिळाले. मग घरी पोचल्यावर माझी किल्ली तेवढी परत द्या, असे ते म्हणाले. फाल्कोने विचारात होते. त्यांनी त्याच क्षणी चालत्या गाडीची किल्ली काढून मागे पुढे केली! अहो, हे काय करता, मरू की आपण, असे कोस्तान्झा ओरडले. न्यायाधीशांनी माफी मागितली. गाडीचा वेग मंदावला होता. कापाची गावाजवळ हमरस्त्याखालच्या मोरीत काही शे किलो स्फोटके पिंपांतून भरून ठेवली होती, आणि टेकडीवर जोव्हान्नी ब्रुस्का नावाचा माणूस कळ हातात धरून बसला होता. वेग मंदावल्याने त्याचा अंदाज चुकला. सहाला काही मिनिटे होती. स्फोटाचा सगळा लोट पहिल्या गाडीने घेतला. ती रस्त्यावरून उडून पलीकडच्या ऑलिव्हच्या बागेत जाऊन पडली. स्किफानी, मोन्तिनारो आणि दिचिल्लो तत्काळ गेले.

पांढरी गाडी फुटलेल्या रस्त्याच्या ढिगाऱ्यावर आदळली. मागची गाडीही मोडली, आतले तिघे जखमी. आणि आता हे पाहा. कापुत्सा, चेर्वेल्लो आणि कोर्बो रक्तबंबाळ अवस्थेत गाडीबाहेर आले आणि हातात बंदुका घेऊन न्यायाधीशांच्या गाडीभोवती उभे राहिले. मारेकरी उरलेसुरले काम पुरे करायला येतील, अशी त्यांची समजूत. कोणी आले नाही. चेर्वेल्लो ह्यांनी हाक मारली तेव्हा फाल्कोने ह्यांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या रात्री ते आणि फ्रांचेस्काबाई दोघेही इस्पितळात वारले. कोस्तान्झा वाचले.

मोन्तिनारो दक्षिण इटलीतल्या कालिमेरा गावचे. घरी पत्नी तीना आणि दोन लहान मुले. धाकट्याचे नाव त्यांनी आपल्या न्यायाधीशांवरून ठेवले होते. मरणापूर्वी काही काळ आधी एका मुलाखतीत त्यांना भीतीविषयी विचारले होते. भीती सगळ्यांनाच वाटते, ज्याला वाटत नाही तो माणूसच नव्हे. भित्रेपणा ही निराळी गोष्ट, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दिचिल्लो बारी शहराजवळच्या त्रिज्जानोचे, त्यांचे लग्न व्हायचे होते. स्किफानी पालेर्मोचेच. त्यांची पत्नी रोझारिया कोस्ता बावीस वर्षांची, मूल चार महिन्यांचे.

२५ मे रोजी चर्चमध्ये पाच शवपेट्या ओळीने ठेवल्या होत्या. ह्या रोझारियाबाईंना एक लिहिलेला कागद वाचायला दिला होता. शेजारी धर्मोपदेशक आधाराला. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच कागद सोडून त्या आपल्या मनातले बोलू लागल्या. माफियाची माणसे ह्या चर्चमध्येही बसलेली आहेत, हे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. मी तुम्हांला क्षमा करते, पण तुम्ही गुडघे टेकले पाहिजेत, बदलायचे धैर्य दाखवले पाहिजे. आणि मग रडत रडत, पण ते बदलत नाहीत, बदलणारच नाहीत. साऱ्या इटलीने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. मोठमोठे मंत्री पुढच्या रांगेत होते, त्यांची भाषणे आज कोणाला आठवत नाहीत.

फाल्कोने ह्यांच्या घरासमोर एक मोठे झाड आहे. लोक त्याच्या बुंध्याला चिठ्ठ्या लावू लागले. क्षमेच्या, कृतज्ञतेच्या, मुलांच्या हस्ताक्षरातल्या. भोंग्यांविषयी तक्रार करणारे पत्र ज्या शहरातून गेले तेच हे शहर.

आता बोर्सेलिनो ह्यांची पाळी आहे हे सगळ्यांना माहीत होते, त्यांना स्वतःलाही. त्यांच्या जवळच्या माणसांनी पुढे सांगितले की सिगारेट आणायच्या निमित्ताने ते अंगरक्षकांना चुकवून एकटेच बाहेर पडत. मारायचेच असेल तर मला एकट्याला मारावे, ही पोरे तरी वाचतील! न्यायाधीश अंगरक्षकांना वाचवू पाहतो आहे, असे हे उलटे चित्र.

आणि त्या पोरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कापाचीनंतर त्या तुकडीत जाणे म्हणजे काय हे पालेर्मोतल्या कोणत्याही शिपायाला कळत होते. एमान्वेला लोइ सार्डिनिया बेटावरच्या सेस्तु गावच्या, वय २४. त्यांना शाळामास्तरीण व्हायचे होते. बहिणीला सोबत म्हणून पोलिसांच्या परीक्षेला बसल्या. बहीण राहिली, ह्या पास झाल्या. पालेर्मोत त्यांनी सेर्जिओ मात्तारेल्ला ह्यांच्या घरावर पहारा केला होता, जे पुढे २०१५ साली इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि एका माफिया म्होरक्यावरही पहारा केला होता. वॉल्टर एद्दी कोझिना ऑस्ट्रेलियात जन्मलेले, त्रिएस्तेकडे नोकरीला असलेले. कापाचीची बातमी ऐकून ते आपण होऊन पालेर्मोला आले. व्हिन्चेन्झो ली मुली सर्वांत लहान, २२ वर्षांचे. क्लाउदिओ त्राइना २६. ह्या सर्वांचे प्रमुख आगोस्तिनो कातालानो.

१९ जुलै १९९२, रविवार. कापाचीला ५७ दिवस झाले होते. बोर्सेलिनो आपल्या म्हाताऱ्या आईला भेटायला व्हिया दामेलिओ ह्या रस्त्यावर आले. अरुंद, पुढे बंद असलेला रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या. ह्या इमारतीसमोर गाड्या उभ्या करायला मनाई करावी, अशी मागणी आधीच गेली होती. त्या मागणीचे पुढे काही झाले नाही. खरोखर, एक पत्र्याची पाटी लावायला किती वेळ लागतो? त्या गाड्यांच्या रांगेत एक छोटी फियाट होती, किन्नीचींना मारले तेव्हा होती तशीच. पाचहीजण खाली उतरून न्यायाधीशांभोवती कडे करून चालले. सहावे आन्तोनिनो वुल्लो गाडी फिरवून तिचे तोंड बाहेरच्या दिशेला करीत होते. अंगरक्षकाच्या धड्यातला तो पहिला नियम, आणि तो पाळला म्हणूनच ते एकटे वाचले. पाचला दोन मिनिटे कमी असताना स्फोट झाला. एमान्वेला लोइ ह्या इटलीत कर्तव्य बजावताना माफियाच्या हल्ल्यात गेलेल्या पहिल्या पोलीस स्त्री होत.

मृतांना सुवर्णपदके मिळाली. जिवंत राहिलेल्यांचे दुःख निराळे. कोर्बो ह्यांनी पुढे बोलून दाखवले की त्या दिवशी वाचणे हाच जणू आमचा अपराध ठरला. समारंभात आमची आठवण कोणाला होत नाही. व्हिया दामेलिओच्या खटल्याचे तर काय सांगावे! एका खोट्या कबुलीजबाबावर भलत्याच माणसांना शिक्षा झाल्या, आणि खरा प्रकार बाहेर यायला २००८ साल उजाडले, तोही दुसऱ्या एका मारेकऱ्याने तोंड उघडले म्हणून. कापाचीला कळ दाबणारा ब्रुस्का पकडला गेल्यावर सरकारचा साक्षीदार झाला आणि २५ वर्षे तुरुंगात काढून मे २०२१ मध्ये सुटला. कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते. माफीच्या साक्षीदारांवाचून माफिया मोडत नाही, हे फाल्कोने ह्यांनीच इटलीला शिकवले होते. तीना मोन्तिनारो ह्यांना मात्र राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. दोन्ही गोष्टी मला पटतात. स्किफानींचे चार महिन्यांचे ते मूल मोठे होऊन इटलीच्या आर्थिक गुन्ह्यांच्या पोलीस दलात अधिकारी झाले.

तीनाबाई पालेर्मो सोडून गेल्या नाहीत. पतीच्या गाडीचे बिनतारीवरचे नाव 'क्वार्तो सावोना क्विंदिची' असे होते. त्याच नावाची संस्था त्यांनी काढली. जेथे ती गाडी उडून पडली त्या जागी ऑलिव्हची बाग केली आहे आणि तिच्या फळांचे तेल काढतात. गाडी म्हणावी असे काही उरलेले नाही, चेपलेल्या लोखंडाचा एक गोळा आहे. तो काचेच्या पेटीत ठेवून त्यांनी गावोगाव नेला, शाळांच्या पटांगणात, चौकांत. मुले काचेला नाक लावून पाहतात. त्या लोखंडात अंतर मोजणारी तबकडी तेवढी ओळखू येते. तिचा आकडा एक लाख किलोमीटरच्या थोडा पुढे जाऊन थांबलेला आहे.